जुन्या धोतराचे सहा हातरुमाल



२०२३ सालच्या जुलै महिन्यांत आपल्याच पुणें जिल्ह्यांतील आळंदीस डोळे येण्याची मोठी साथ आली. हजारों लोकांस, विशेषतः शाळेंतील मुलांस, तिची बाधा झाली. असा विकार रोग्याच्या हातांवरून व रुमालावरून दुसऱ्याकडे जातो. डबा खाल्ल्यावर शेजाऱ्याचा रुमाल ओढून घेण्याची आपली संवय म्हणूनच धोक्याची आहे. ज्याचा रुमाल त्यानेंच वापरावा व तो रोज धुतलेला असावा. त्यासाठीं पैसे खर्चावयास नकोत.

आपल्या तळेगांवच्या बाजूस जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात. त्यांतूनच एक तुकडा मागून घ्यावा. आजोबांचें सुती धोतर मिळाल्यास उत्तमच. नव्या कापडास खळ असते, त्यामुळें तें पाणी लवकर टिपत नाहीं, व धुतल्यावर आटतें. जुनें सुती कापड मऊ झालेलें असून आटावयाचें तेवढें आटलेलें असतें. त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो तत्काळ शोषला जाईल. पॉलिएस्टरवर तो बराच वेळ तसाच राहतो.

विरलेला भाग टाळून ४२ इंच लांब व २८ इंच रुंद तुकडा घ्यावा. त्याचे १४ इंचांचे सहा चौरस होतात. सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज एक. प्रत्येक कड प्रथम पाव इंच व नंतर अर्धा इंच दुमडावी, म्हणजे सुटे धागे आंत राहतात. कोपऱ्याचें टोंक किंचित् कापलें असतां तेथें जाड गांठ होत नाहीं. मग बारीक टांक्यांनीं तुरपाई करावी. तयार रुमाल साडेबारा इंचांचा होतो. घरांत भावंडें असल्यास प्रत्येकाच्या रुमालास निराळ्या रंगाचा दोरा वापरावा. म्हणजे अदलाबदल होणार नाहीं.

रुमाल साबणानें धुवून कडक उन्हांत वाळवावा. दमट असतां घडी घालूं नये. घरीं कोणाचे डोळे आले असतील तर त्याचा रुमाल इतर कपड्यांत मिसळूं न देतां उकळत्या पाण्यांत दहा मिनिटें ठेवावा.

मुलग्यांनो, हें काम आई-बहिणींवर टाकूं नका. सुई धरण्यांत कमीपणा नाहीं; दुसऱ्याच्या रुमालास डोळे पुसण्यांत मात्र आहे. पालकांसही विनंति कीं, पहिला रुमाल वांकडा शिवला गेला तरी हंसूं नये. सहावा सरळच होईल.