स्वातीचं झाकलेलं तेज

खगोलशास्त्रज्ञ ज्यांना ‘थंड तारे’ म्हणतात, त्यांत आपला सूर्यही मोडतो. पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, तरी थंड! खरं कोडं त्याच्या वर आहे. पृष्ठभागापासून दूर जावं तसं तापमान आधी किंचित उतरतं, मग चढत जाऊन प्रभामंडलात दहा लाख अंश ओलांडतं. इतर थंड ताऱ्यांचंही असंच असेल का?

दृश्य प्रकाशात हे तपासणं कठीण. पृष्ठभागाच्या झगमगाटात वरच्या विरळ वायूचा उजेड हरवून जातो. दूरच्या अतिनील पट्ट्यात मात्र हाच पृष्ठभाग जवळजवळ काळा पडतो आणि तापलेला वायू उठून दिसतो. १५५ नॅनोमीटरजवळ रेषांची एक जोडी असते. ती तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची. ती दिसली, की तिथं सुमारे लाखभर अंशांचा वायू आहे, हे नक्की. पण हे किरण आपलं वातावरण जमिनीवर पोचूच देत नाही.

म्हणून २६ जानेवारी १९७८ रोजी ‘आययूई’ हा उपग्रह सोडला गेला. नासा, युरोपीय अवकाश संस्था आणि ब्रिटन यांचा हा भागीदारीतला संसार. आरसा जेमतेम ४५ सेंटिमीटरचा. पण कक्षा अशी, की अमेरिकेतल्या गोडार्ड केंद्रात किंवा माद्रिदजवळच्या स्थानकात बसून निरीक्षक वर्णपट उतरताच पाहू शके आणि पुढचा तारा ठरवू शके. काही वर्षांसाठी बांधलेला हा उपग्रह एकामागून एक जायरोस्कोप निकामी होऊनही १९९६पर्यंत राबला. मोठ्या दुर्बिणींच्या कौतुकात त्याचं नाव मागे पडतं, हे मला अन्यायाचं वाटतं.

१९७९मध्ये जेफ्री लिन्स्की आणि बर्नहार्ड हाइश यांनी त्याच्या वर्णपटांवरून ताऱ्यांची सरळ वाटणीच केली. पुनर्वसूतल्या पोलक्ससारखे राक्षसी तारे एका बाजूला: सूर्यासारखा तप्त वायू बाळगणारे. त्यांच्याहून थंड स्वाती दुसऱ्या बाजूला: कार्बनच्या त्या रेषा नाहीत, तप्त प्रभामंडल नाही, त्याऐवजी थंड वारा बाहेर वाहतोय.

वाटणी इतकी चोख होती, की तिला तडे जाणारच होते. वर्षभरातच ‘संकरित’ तारे सापडले, थंड वारा आणि तप्त वायू दोन्ही बाळगणारे. पुढे हबलच्या तीक्ष्ण नजरेला खुद्द स्वातीतही तप्त वायूच्या क्षीण रेषा दिसल्या. २००३मध्ये टॉम एअर्स आणि सहकाऱ्यांनी त्यांचा अर्थ लावला: तप्त वायू आहे, पण थंड वायूच्या जाड थराखाली गाडलेला, वरचा थर त्याचा बराचसा उजेड गिळून टाकतो. रोहिणीच्या वर्णपटातही तशाच खुणा आहेत.