आटे जुळेपर्यंत

रॅलेचा बीबी (बॉटम ब्रॅकेट) कप बीएसएच्या सांगाड्यात बसत नाही. दोन्ही सायकली इंग्लिश, दोन्ही काळ्या, दोन्हींना सळईचे ब्रेक; लांबून फरक कळू नये. पण क्रँकचा एक्सेल ज्या आडव्या नळीत फिरतो, तिथे बीएसएनं आणि इतर बहुतेक इंग्लिश कारखान्यांनी इंचाला 24 आटे पाडले, रॅलेनं 26. व्यास जवळजवळ तोच, त्यामुळे चुकीचा कप सुरुवातीला निमूट आत शिरतो आणि मग अडतो. इथे जो जोर लावतो तो कप तर घालवतोच, सांगाड्याचे आटेही खातो. त्यात आणखी एक मेख म्हणजे उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, आणि डाव्या पॅडलचे आटेही उलटेच. नवशिक्या हौशी पहिल्या ओव्हरऑइलिंगला या दोन जागी हमखास पाना उलट्या दिशेनं ओढतो.

जुन्या सायकलींच्या हौशी मंडळींमधला सुट्या भागांचा व्यवहार या न बसण्यातून सुरू होतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, वस्तू जितकी जुनी तितकी महाग. तसं नाही. कुणाच्या सायकलीत नेमकी तीच जागा रिकामी आहे, यावर भाव ठरतो. एखाद्याच्या डब्यात रॅलेचे चार कप पडून असतात आणि त्याची सायकल निघते बीएसए. चार गल्ल्या पलीकडे नेमकं उलटं. दोघांची गाठ पडेपर्यंत दोन्ही डबे भंगारच. म्हणून या छंदात पैशाइतकंच, किंबहुना जास्तच, चलन आहे ते ‘कुणाकडे काय आहे’ या माहितीचं.

माल येतो कुठून? पुण्यात त्याचा मोठा झरा म्हणजे पडणारे वाडे. सायकलींचं शहर म्हणून मिरवलेल्या या गावात जवळजवळ प्रत्येक वाड्याच्या बोळात, जिन्याखाली नाहीतर माळ्यावर एक सायकल असायची. वाडा इमारतीसाठी रिकामा होतो तेव्हा ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. दुसरा झरा सायकल दुकानांच्या माळ्यांचा. पंक्चर काढून, तासाच्या भाड्यानं सायकली देऊन ज्यांनी संसार केला, त्यांच्या मागे पत्र्याच्या पेट्या राहतात, आणि त्यांत कधीकधी कागदात गुंडाळलेले, चाकाला कधी लागलेच नाहीत असे कोन आणि एक्सेल सापडतात. या कोऱ्या जुन्या मालाला हौशींमध्ये सर्वांत मोठा मान. तिसरी जागा अर्थात मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. मुंबईकरांसाठी चोर बाजार. जुन्या बाजारात लवकर जावं लागतं, आणि हवी ती वस्तू दिसली तरी आधी शेजारच्या पक्कडीचा भाव विचारावा लागतो. चेहऱ्यावरचा आनंद विकणाऱ्याला दिसला, की आकडा वाढलाच म्हणून समजा.

काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे ठरवण्यात भंगाराच्या तराजूचा हात मोठा आहे. लोखंड एका भावानं जातं, पितळ वेगळं काढून चढ्या भावानं. त्यामुळे पितळी दिवे आणि घंट्या सगळ्यांत आधी वितळल्या. जाडजूड सांगाडे आणि सळईचे ब्रेक कुणी हात न लावल्यानं टिकले. हवेचा पंप, सीटमागची चामडी पिशवी, चेनकव्हराच्या झाकणाचा स्क्रू असल्या वस्तू तर सायकल जिवंत असतानाच हरवतात. तेव्हा आज सांगाडा शोधणं सोपं आणि पंपाच्या दोन क्लिपा शोधणं अवघड, अशी परिस्थिती आहे. काही जण तर फक्त बिल्ले जमवतात. नगरपालिका सायकलीवर कर घ्यायची तेव्हा त्या वर्षाचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. तो मूळ बिल्ला अजून जागेवर असेल, तर निदान त्या वर्षी ही सायकल या गावात होती याचा तो पुरावा.

ओळख पटवायची ती बहुतेक वेळा दातेरी चक्रावरून. इंग्लिश कारखान्यांनी आपली निशाणी चक्राच्या मधल्या नक्षीतच कापून ठेवली आहे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मुळातला बंदुकांचा कारखाना, म्हणून तिच्या चक्रात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. रॅलेच्या चक्रात बगळ्यांची डोकी, रजच्या चक्रात हाताचा पंजा, हंबरच्या चक्रात पळणारी पाच माणसं. हंबरचा पुढचा चिमटाही दुहेरी नळ्यांचा, अंधारात हात फिरवला तरी कळावा असा. पुढे यांतले बरेचसे रॅलेच्याच पोटात गेले: 1932 मध्ये हंबर, 1943 मध्ये रज, 1957 मध्ये बीएसएचा सायकल विभाग. नाव, चक्र आणि पट्टी जुन्या कंपनीची, आतला माल रॅलेच्या नॉटिंगहॅमचा, अशा सायकली त्यानंतरच्या. म्हणजे बंदुका दिसल्या म्हणून 24 आट्यांचा कप विकत घेऊ नये. आधी सायकल कधीची ते काढावं.

ते काढायचं कसं, तर सांगाड्यावरच्या नंबरावर फार विसंबून चालत नाही. खात्रीची खूण मागच्या चाकात, गिअरचा हब असेल तर. स्टर्मी-आर्चरच्या हबवर मॉडेलची अक्षरं आणि वर्ष ठोकलेलं असतं. ‘एडब्ल्यू’ आणि पुढे 55 असेल तर तो 1955 चा. नुसता 8 असेल तर 1938 चा. अर्थात चाक मागाहून बदललेलं असू शकतं. हबवर वर्ष बघून ‘अठ्ठावन्नची गाडी’ म्हणून सांगाडा खपवणारे विक्रेते काही कमी नाहीत.

या हबपाशी थोडं थांबायला हवं, कारण सुट्या भागांच्या व्यापारातला निम्मा जीव त्यात अडकलेला असतो. तीन गिअरांचा एडब्ल्यू हब 1936 मध्ये आला आणि अनेक दशकं फारसा न बदलता बनत राहिला. आतली रचना बघताना अजूनही मजा वाटते. एक्सेलवर पक्कं बसलेलं 20 दात्यांचं चाक, त्याभोवती फिरणारी 20 दात्यांची चार छोटी चाकं, आणि सगळ्यांना वेढणारी 60 आतल्या दात्यांची कडी. चेनची ओढ छोट्या चाकांच्या पिंजऱ्याला दिली आणि हब कडीनं फिरवला, की वेग एक तृतीयांशानं वाढतो. उलटं केलं, की पाव हिश्शानं कमी होतो आणि चढ सोपा होतो. मधला गिअर सरळ. सगळा खेळ एक्सेलच्या पोकळीतून बाहेर येणाऱ्या बारीक साखळीच्या ओढीवर. ती ढिली पडली तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक जागा अशी येते, की पॅडल नुसतं फिरतं आणि उभं राहून जोर लावणारा माणूस दांडीवर आदळतो. ही साखळीच हरवते! एक्सेल दोन लांबींचे असल्यानं साखळीची दांडीही वेगवेगळ्या लांबीची, म्हणजे सापडली तरी ती आपलीच असेल असं नाही. हबवरची तेलाची टोपी हे आणखी एक हरवणारं रत्न. ती गेली की पावसाचं पाणी आत, आणि मग गंजलेल्या छर्ऱ्यांचा लगदा.

एडब्ल्यूचे खटके, स्प्रिंगा, छोटी चाकं एका हबातून काढून वीस वर्षांनी बनलेल्या दुसऱ्या हबात सहसा बसतात, म्हणून मेलेला हब कुणी फेकत नाही. पण त्यावर ‘एसडब्ल्यू’ अशी अक्षरं असतील तर सावध. पन्नासच्या दशकात थोडी वर्षं चाललेला हा सुधारित म्हणवणारा हब; त्याचे खटके ऐन वेळी पकड सोडत. अजाण माणसाच्या गळ्यात तो अजूनही मारला जातो.

या हबच्या नावातही एक अन्याय दडलेला आहे. 1902 मध्ये हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर यांना रॅलेच्या फ्रँक बाउडेननं एकत्र आणलं असं कंपनी सांगत आली. पण ज्याला ‘आर्चर’चा गिअर म्हणतात तो मुळात विल्यम रायली या तंत्रज्ञाचा होता. आधीच्या करारात रायलीनं आपल्या पुढच्या गिअरांचेही हक्क लिहून दिले होते, म्हणून पेटंटवर नाव आर्चरचं लागलं. टोनी हॅडलंड या सायकल-इतिहासकारानं हे उजेडात आणलं. स्टर्मी-आर्चरचा नॉटिंगहॅमचा कारखाना 2000 मध्ये बंद पडला, नाव आणि यंत्रं तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेली.

पुढच्या चाकात डायनोहब असेल तर तो विकत घेण्याआधी उघडून बघण्याचा मोह आवरावा. त्यातलं गोल चुंबक आतल्या गुंडाळीपासून बाहेर काढलं आणि त्याला लगेच लोखंडी कड्याचा आधार दिला नाही, तर त्याची ताकद उतरते. जुन्या बाजारात कुतूहलानं उघडले गेलेले असे हब बाहेरून लख्ख असतात आणि दिव्याला जेमतेम काजव्याइतका उजेड देतात.

चकाकी ही तर या बाजारातली सगळ्यांत फसवी गोष्ट. क्रोमचा मुलामा सायकलींवर सर्रास आला तो 1930 च्या आसपास. त्याआधीच्या भागांवर निकेल, ज्याची झाक जरा पिवळट, उबदार. विसाच्या दशकातला हँडल कुणी हौसेनं क्रोम करून आणला, की जाणकार नाक मुरडतात. युद्धाच्या वर्षांत तर मुलाम्याचा धातूच दुर्मीळ झाला, म्हणून हँडल, क्रँक, रिमासकट सगळं काळं रंगवून सायकली बाहेर पडल्या. या काळ्या भागांना ‘कुणीतरी घरी रंग मारलाय’ म्हणून किती जणांनी खरवडून काढलं असेल! माझ्या मते तेच खरं जपण्यासारखं. क्रोम केव्हाही करता येतं, पण 1943 चा काळा रंग पुन्हा येत नाही.

सीटचंही असंच. ब्रुक्सचं चामडं सांगाड्यावर ताणून रिव्हेटांनी बसवलेलं असतं, पुढच्या टोकाला ताण देणारा एक बोल्ट. मऊ पडलेली सीट दिसली, की नवा मालक तो बोल्ट आवळतो, आणि सुकलेलं चामडं रिव्हेटांपाशी फाटतं. त्याआधी आधीच्या मालकानं खोबरेल तेल पाजून ते लिबलिबीत केलेलं असतं, हे वेगळंच. कार्बाइडच्या दिव्यांची शोकांतिका निराळी. वरच्या टाकीतलं पाणी थेंबथेंब कार्बाइडवर पडून ॲसिटिलीन वायू तयार होई आणि तो जळे. मागे उरलेला चुन्याचा ओला गाळ कुणी साफ केला नाही, तर खालचा डबा सडे. म्हणून ल्यूकसच्या दिव्याचा वरचा भाग झकास आणि तळ चाळणी, असे दिवे फार. शोभेसाठी बनणाऱ्या नव्या पितळी दिव्यांचा तळ मात्र धड असतो. तो धड असणं हीच शंका घ्यायची जागा.

मंडळींमधले व्यवहार रोखीनं होतात तसे अदलाबदलीनंही, आणि अदलाबदलीला एक अलिखित शिस्त आहे. मोडका भाग मोडका म्हणून सांगायचा. मागितलेली वस्तू दिल्यावर लगेच परतफेड मागायची नाही; वर्षानं समोरच्याच्या हाती घंटा लागली, तर ती आधी आपल्याला दाखवावी एवढी अपेक्षा. उधारी कुणाच्या वहीत नसते, पण सगळ्यांच्या लक्षात असते. भांडणं होतात ती पैशावरून कमी आणि फोडाफोडीवरून जास्त. एक धड, चालती, सामान्य सायकल घ्यायची, तिचा दिवा, सीट, चक्र वेगवेगळं विकायचं आणि सांगाडा किलोवर घालवायचा, यात फायदा उघड आहे. जे हे करतात ते म्हणतात, एक सायकल फोडून पाच पुऱ्या होतात. हिशेब बरोबर आहे, तरी मला तो पटत नाही. फुटते ती नेहमी नाव नसलेली, देशी सायकल, आणि पुरी होते ती इंग्लिश. वरळीच्या हिंद सायकलचा कारखाना गेला, रस्त्याला नाव तेवढं राहिलं. आसनसोलची सेन-रॅले, 1949 मध्ये मद्रासकडे सुरू झालेल्या टीआय कंपनीची हर्क्युलिस, या सायकली तर आपल्या कारकुनांनी, मास्तरांनी, दूधवाल्यांनी वापरल्या. ‘नॉटिंगहॅम, इंग्लंड’ अशी पट्टी नाही म्हणून आज त्या किलोवर जातात.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी स्वतःच्या संग्रहातून उभं केलेलं सायकल संग्रहालय बघितलं, की सुट्या भागांचं मोल नीट कळतं. तिथली दुसऱ्या महायुद्धातली, छत्रीधारी सैनिकांसाठी बनलेली बीएसएची घडीची सायकल पाहायला गर्दी होते. पण भाग जमवणारे लोक पंप, दिवे, घंट्या आणि हत्यारांच्या मांडणीपुढे रेंगाळतात आणि मनातल्या मनात आपल्या डब्यातल्या नगांशी ताडून पाहतात.

ब्रिटनमध्ये जुन्या सायकलींच्या हौशींचा क्लब 1955 पासून आहे, आणि तिथल्या काहींना आता आपल्याकडच्या मालाची गरज पडते. 28 इंची, दीड इंच रुंद टायर, ज्याचा मोजमापाचा आकडा 635 मिलिमीटर, तिकडे रोजच्या वापरातून केव्हाच गेला. इथे सळईच्या ब्रेकची सायकल अजून बनते, म्हणून टायरही बनतो आणि ब्रेकचे रबरही. मग इकडून टायर जातो, तिकडून गिअरची साखळी किंवा तेलाची टोपी पाकिटात येते. टायर वेटोळं करून पाठवता येतो, साखळीला तर पाकीटही मोठं होतं. मडगार्डाचं गणित मात्र अजून कुणाला सुटलेलं नाही. कितीही पुठ्ठा गुंडाळा, ते वाटेत वाकतंच. त्यामुळे मडगार्ड लागलं की माणूस बसला एसटीत, आणि परतीच्या प्रवासात ते मांडीवर उभं धरून शेजारच्याची बोलणी खात आला.