टोमॅटोवरील टुटा पतंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत ही टोमॅटोची मोठी बाजारपेठ असल्याने फळावरचे बारीकसे छिद्रही येथील उत्पादकाला मिळणारा भाव पाडू शकते. अशी छिद्रे पाडणारी ‘टुटा ॲब्सोल्युटा’ ही कीड सूक्ष्म पतंगांपैकी, म्हणजे जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या पतंगांपैकी असून, तिच्याविषयीचे काही समज तपासून घेणे आवश्यक आहे.

गैरसमज : ही कीड येथे पूर्वापार आहे.
वस्तुस्थिती : तिचे मूळ दक्षिण अमेरिकेत आहे. एडवर्ड मेरिक यांनी १९१७ साली पेरूमधील नमुन्यांवरून तिचे शास्त्रीय वर्णन केले. २००६ मध्ये ती स्पेनमध्ये आढळली आणि २०१४ मध्ये भारतात आली, तेव्हाच्या सुरुवातीच्या नोंदींत महाराष्ट्रातील टोमॅटोचा समावेश आहे.

गैरसमज : पानावर पांढरी नक्षी दिसली की ती नागअळीच.
वस्तुस्थिती : नागअळी ही लिरिओमायझा या बारीक माशीची, पाय नसलेली पिवळसर अळी असून ती पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये अरुंद, वळणावळणाची रेघ पोखरत जाते. टुटाच्या अळीने पोखरलेला भाग मात्र रुंद, वेडावाकडा चट्टा असतो. पान उजेडासमोर धरले असता त्या पारदर्शक चट्ट्यात काळी विष्ठा आणि पाय असलेली हिरवट अळी दिसते, तसेच तिच्या डोक्यामागील गडद पट्टीही भिंगातून ओळखता येते.

गैरसमज : फळ पोखरते ती घाटेअळीच.
वस्तुस्थिती : घाटेअळीचे छिद्र मोठे व गोल असते, टुटाचे टाचणीच्या टोकाएवढे असून बहुधा देठाजवळच्या हिरव्या दलांखाली दडलेले असते.

गैरसमज : कामगंध सापळ्यातला प्रत्येक करडा पतंग टुटाच, आणि सापळा रिकामा असेल तर शेत सुरक्षित.
वस्तुस्थिती : टुटा पाच ते सात मिलिमीटर लांब असतो, त्याच्या करड्या पंखांवर काळसर ठिपके असतात आणि शृंगिकांवर, म्हणजे डोक्यावरील धाग्यासारख्या अवयवांवर, फिकट व गडद पट्टे आलटून पालटून असतात. तथापि त्याच कुळातील बटाट्यावरील पाकोळी दिसायला इतकी जवळची आहे की, पक्की खात्री सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना तपासल्यावरच होते. शिवाय मादीच्या गंधासारख्या रसायनाकडे केवळ नर ओढले जातात, तर अंडी घालणारी मादी सापळ्याबाहेरच राहते.

माशीच्या अळीसाठीचे औषध पतंगाच्या अळीवर चालेलच असे नाही; म्हणून उत्पादकांनी फवारणीपूर्वी पान, अळी आणि पतंग ही तिन्ही तपासावीत आणि शंका असल्यास नमुना कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना दाखवावा.