मनगट वळलं की नेम वळला: जायरोच्या सेन्सीच्या भन्नाट गोष्टी

“भावा, तुझा सेन्सी कोड पाठव ना!” बीजीएमआय हा मोबाइलवरचा नेमबाजीचा खेळ खेळणाऱ्यांच्या कोणत्याही कट्ट्यावर हे वाक्य कानावर येतंच. कोड येतो, घाईघाईने टाकला जातो आणि पहिल्याच स्प्रेमध्ये, म्हणजे सलग गोळीबारात, निम्म्या गोळ्या आभाळात जातात. मग दुसऱ्याचा कोड, मग तिसऱ्याचा. सेन्सी म्हणजे सेन्सिटिव्हिटी: हात किती हलला की नेम किती सरकायचा याचे आकडे, आणि कोडमध्ये तेच साठवलेले असतात. कोडमध्ये दोष नसतो. त्या आकड्यांत मित्राचं मनगट, मित्राचा फोन आणि मित्राची बसण्याची तऱ्हा भरलेली असते, म्हणून तो तुमच्या हाती चालत नाही. असं का होतं हे समजायला थेट फोनच्या पोटात शिरावं लागतं, आणि तिथे मोठी गंमत आहे.

साबुदाण्याएवढी चिप

फोन वळला की नेम वळवणारा सेन्सर म्हणजे जायरोस्कोप, थोडक्यात जायरो. त्याची चिप साधारण ३ मिलिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर रुंद असते. साबुदाण्याच्या दाण्याशेजारी ठेवली तर जोडी शोभेल. नाव जायरोस्कोप असलं तरी आत भोवरा फिरत नाही. सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा सेकंदाला हजारो वेळा थरथरत असतो. फोन वळला की त्या थरथरीला आडवा धक्का बसतो. तो धक्का मोजला की फोन कुठे आणि किती वेगाने वळला ते कळतं.

या आडव्या धक्क्याचं गणित गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ साली मांडलं. विषुववृत्त ओलांडून आलेले वारे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन कोकणावर पाऊस आणतात, तेही याच परिणामामुळे. खेळातल्या एरँगल नकाशावरच्या एखाद्या छतावर बसून तुम्ही ज्या तत्त्वाने नेम धरता, त्याच तत्त्वाने जूनमध्ये तुमच्या छतावर पाऊस येतो!

माशीने आधीच बाजी मारली

घरातली माशी हाताला का लागत नाही? तिच्या मागच्या दोन पंखांच्या उत्क्रांतीत आखडून गदेच्या आकाराच्या बारीक दांड्या झाल्या आहेत. उडताना या दांड्या पुढच्या पंखांच्याच तालावर, पण उलट दिशेने हलतात, आणि माशी वळली की त्यांना तोच आडवा धक्का जाणवतो. फोनमधल्या चिपचं तत्त्वही हेच. तुमच्या कानातही अशी सोय आहे. आतल्या कानात तीन दिशांना तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, फोनमध्ये तीन अक्षांचा जायरो. गोल गोल फिरून थांबल्यावर चक्कर येते ती या नलिकांमधला द्रव लगेच थांबत नाही म्हणून.

नाव १८५२चं, फोनमध्ये २०१०ला

‘जायरोस्कोप’ हे नाव लेऑं फुको यांनी १८५२ साली दिलं. पॅरिसमध्ये भलामोठा लंबक टांगून पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारे तेच हे फुको. फोनमध्ये मात्र जायरो गाजला तो जून २०१०मध्ये. आयफोन ४ सादर करताना स्टीव्ह जॉब्स यांनी पडद्यावर लाकडी ठोकळ्यांचा मनोरा उभा केला, आणि ते फोन घेऊन वळले तसा मनोराही वळला. पुढच्याच वर्षी निन्टेन्डो ३डीएसवरच्या झेल्डा या खेळात यंत्र हलवून गलोलीचा आणि धनुष्याचा नेम धरता येऊ लागला. २०१५च्या स्प्लॅटून या खेळात तर नेम धरण्याची ठरलेली पद्धतच ती होती. आपल्याकडे ही चटक लागली २०१८मध्ये, बीजीएमआयचा मूळ अवतार पबजी मोबाइल आला तेव्हा.

एक नाही, भरपूर आकडे

आता मुख्य गोष्ट. बीजीएमआयच्या सेटिंगमध्ये जायरोला तीन पर्याय आहेत: बंद, फक्त स्कोप उघडल्यावर, किंवा कायम चालू. त्याखाली प्रत्येक स्कोपला वेगळी पट्टी: स्कोपशिवाय, रेड डॉट, २एक्स, ३एक्स, ४एक्स, ६एक्स, ८एक्स. एवढ्या पट्ट्या कशाला?

कारण तुमचा हात. कोणाचाही हात पूर्ण स्थिर नसतो. निरोगी माणसाच्या हातालाही सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीक कंप असतो. रेड डॉटमध्ये तो दिसत नाही. पण ८एक्स चित्र आठपट मोठं करतो, आणि कंपही आठपट दिसतो. म्हणून रेड डॉटला ३०० ते ४०० टक्के ठेवणारे खेळाडू ६एक्स आणि ८एक्सला आकडा बराच खाली आणतात. सगळीकडे एकच आकडा ठेवणाऱ्याचा नेम दूरच्या माणसावर नाचतो तो याचमुळे.

आकडा मोठा म्हणजे हात थोडा वळवला तरी नेम खूप सरकतो. आकडा लहान म्हणजे हात जास्त वळवावा लागतो, पण नेम शांत राहतो. गोळीबार सुरू झाला की बंदूक वर उसळते, म्हणजे रिकॉइल. जायरोवाला फोन किंचित पुढे झुकवून ती खाली धरतो, आणि अंगठा गोळी झाडायला मोकळा राहतो. काचेवरच्या अंगठ्याला पडद्याची कड आडवी येते, मनगटाला ती येत नाही. माझं स्पष्ट मत: ज्याच्या फोनमध्ये जायरो आहे त्याने तो शिकावाच. पहिले आठ-दहा दिवस त्रास होईल, खेळ बिघडेल, पण सोडू नका.

एसटीत नेम का सरकतो?

ही गोष्ट मला सगळ्यात आवडते. जायरो मोजतो फोनचं वळणं, आणि फोन कोणी वळवला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. घाटात एसटीने वळण घेतलं की बससोबत तुम्ही वळता, फोनही वळतो आणि हात स्थिर असूनही नेम बाजूला जातो. लोकल रुळांच्या वळणावर आली तरी तेच. तुमची सेन्सी जितकी जास्त, तितकं सरकणं जास्त. पृथ्वीही तासाला १५ अंश फिरते, पण हे वळण इतकं संथ आहे की फोनचा जायरो त्याच्या स्वतःच्या गोंगाटातून ते ओळखू शकत नाही.

फोन टेबलावर ठेवूनही नेम हळूहळू सरकत असेल, तर तो ड्रिफ्ट. चिप तापली की तिचा शून्य थोडा हलतो. फोन थंड होऊ द्या, सपाट जागी ठेवा, कॅलिब्रेट करा. चुंबकाच्या कव्हरला मात्र दोष देऊ नका. ते होकायंत्राला त्रास देतं, जायरोला नाही. तापलेल्या फोनचा आणखी एक फटका म्हणजे पडद्यावरची चित्रं सेकंदाला कमी होतात, आणि नेम जड लागतो. सेन्सी तीच असते, हात मात्र फसतो.

कान असलेला जायरो

२०१४मध्ये स्टॅनफर्डच्या आणि इस्राएलमधल्या संशोधकांनी मिळून दाखवलं की फोनचा जायरो आवाजाची कंपनंही पकडतो, आणि त्यातून बोलण्याचा काही भाग ओळखता येतो. मायक्रोफोनची परवानगी न घेता! आता त्याला थोडा लगाम आहे: अँड्रॉइड १२पासून खास परवानगी नसलेल्या अॅपला जायरोची नोंद सेकंदाला २०० वेळांपर्यंतच मिळते.

तुमचा आकडा कसा सापडेल?

ट्रेनिंग ग्राउंडवर जा. एम४१६ घ्या, रेड डॉट लावा, भिंतीसमोर उभे राहा आणि ३० गोळ्यांची पूर्ण मॅगझिन एका दमात सोडा. फोन झुकवूनही गोळ्यांची रांग वर चढत गेली तर आकडा १० ने वाढवा. रांग खाली घसरली किंवा डावी-उजवीकडे विस्कटली तर १० ने कमी करा. एका वेळी एकच पट्टी हलवा. रेड डॉट बसला की ३एक्स, मग ४एक्स. आकडे वहीत लिहून ठेवा. आणि ज्या तऱ्हेने रोज खेळता तसंच बसा: कोपर गादीवर टेकले तर फक्त मनगट वळतं, खुर्चीत बसलात तर खांदेही मदतीला येतात, आणि दोन्हींचे आकडे वेगळे निघतात.

पुढच्या वेळी कोणी कोड मागितला तर जरूर पाठवा. पण त्यासोबत पाच मिनिटं त्याला ट्रेनिंग ग्राउंडवरही घेऊन जा.