वठलेल्या झाडाची वहिवाट

इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारातील चिंचेच्या जुन्या झाडांवर विणीच्या हंगामात चित्रबलाकांची वसाहत भरते, आणि खाली दाखल्यांसाठी ताटकळणारी रयत व वर चोचींची अखंड खडखड असा दुहेरी कारभार तेथे विनातक्रार चालतो. त्याच तालुक्यातील भादलवाडीच्या तलावात हेच पक्षी पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर घरटी रचतात, कारण भोवतालचे पाणी जोवर आटत नाही तोवर मांजर-कोल्ह्यांपासून पिलांचे आपोआप रक्षण होते. वन्य जीवांस घनदाट अरण्यच लागते, हा समज एवढ्या दोन दाखल्यांनी ढासळावा; तरीही ज्या झाडाला ना फळ, ना पालवी, ते तोडून जागा मोकळी करावी, ही बुद्धी बारामती-इंदापूरकडच्या सुज्ञ बागायतदारासही सुचते, आणि तिच्या मुळाशी काही गैरसमज आहेत.

पहिला समज असा की, खोड पोकळ झाले म्हणजे झाड मेले आणि आज ना उद्या ते कोसळणार. वास्तविक जुन्या खोडाचा गाभा हा झाड जिवंत असतानाच निर्जीव झालेला असतो; अन्नपाण्याची ने-आण सालीलगतच्या कोवळ्या थरांतून चालते, आणि म्हणून गाभा कुजून ढोली पडली तरी वड-चिंचेसारखा वृक्ष दीर्घकाळ फळतो-फुलतो. नळी जशी पोकळ असूनही वाकण्यास सहजी दाद देत नाही, तसेच बाहेरची भिंत पुरेशी जाड व अखंड असेल तर खोडही टिकाव धरते. धोका असतो तो कमकुवत झालेली भिंत, कुजलेली मुळे आणि एका बाजूस झुकलेला फांद्यांचा भार यांचा. तेव्हा जाणकाराकडून पाहणी करवून तेवढा भार हलका करणे हा उपाय आहे, बुंध्यावर कुऱ्हाड हा नव्हे. ढोलीत सिमेंट भरून झाड ‘मजबूत’ करण्याची जी पद्धत रूढ आहे, तिने ओल आत कोंडते, खोडाच्या हालचालीशी त्या ठोकळ्याचा मेळ बसत नाही आणि पिंगळ्याचे घर मात्र बुजते.

वठलेले झाड निरुपयोगी, हा दुसरा समज. सुतार पक्षी आणि तांबट वठलेल्या लाकडात स्वतः भोक कोरतात. पोपट, साळुंकी, पिंगळा, नीलकंठ यांना ते कसब नाही, त्यांना आयती ढोली लागते. म्हणजे एका वठलेल्या फांदीवर आधी कारागीर आणि मागून कुळे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असते, आणि तिची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर नसते.

उसाच्या मालकाचा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकणे उचित नव्हे: बांधावरच्या झाडांमुळे हुमणी वाढते, असे तो म्हणतो. यात तथ्यांश आहे. वळिवाच्या सरीनंतर हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून रात्री कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पाल्यावर जमतात; परंतु ते पाला खातात, आणि वठलेल्या झाडाला पालाच नसतो. शिवाय ज्या झाडावर ते जमतात तेथेच फांद्या हलवून ते पाडावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात बुडवावेत, अशी कृषी खात्याचीच शिफारस आहे. झाड नाहीसे केले तर भुंगेरे हाती लागण्याची ही जागाच जाते. पिंगळा भुंगेरे व उंदीर खातो, हुदहुद जमिनीतल्या अळ्या टिपतो, आणि दोघांनाही ढोली लागते. बांधालगतच्या ओळीवर सावलीचा थोडा परिणाम होतो, हे मान्य केलेच पाहिजे. पण तो पालवीचा दोष, वठलेल्या खोडाचा नव्हे.

‘एक तोडा, दहा लावा’ हे सूत्र सर्वांत लोकप्रिय, आणि माझ्या मते सर्वांत फसवे. संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेचे पुष्कळ जुने वृक्ष गेले. त्यांच्या जागी रोपे लावली तरी रोपाला ढोली पडण्यास काही दशके जावी लागतात, आणि पक्ष्याला घर याच हंगामात हवे असते. उलट सुप्याजवळच्या, 1997 साली घोषित झालेल्या मयुरेश्वर अभयारण्यातील चिंकारा किंवा कडबनवाडीच्या माळावरचे लांडगे हे उघड्या गवताचे रहिवासी. तेथे दाट रोपवन उभारणे म्हणजे त्यांना बेदखल करणे होय.

कायद्याविषयीचे अज्ञानही थोडे नाही. 1964 च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत चिंच, आंबा, जांभूळ आहेत, वड आणि बाभूळ नाहीत. नगरपालिका हद्दीत 1975 चा अधिनियम लागू होतो आणि त्यातील 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडास वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. पण झाड आपल्या मालकीचे म्हणून त्यावरील घरटेही आपलेच, असे समजू नये: 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरट्यांस उपद्रव देणे यांचाही समावेश आहे. 2022 साली केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गासाठी घरट्यांसह झाड पाडले गेले, पिले मेली आणि याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला.

तेव्हा घर, रस्ता आणि विजेच्या तारा यांपासून दूर असलेले वठलेले झाड तसेच उभे राहू द्यावे. जवळ असेल तर विणीचा हंगाम टळल्यावर, जरूर ती परवानगी घेऊन, वरच्या धोक्याच्या फांद्या उतरवाव्यात, आणि निदान पुरुषभर उंचीचे खोड, मुळे घट्ट असल्याची खात्री करून, जागच्या जागी राखावे.