अरुकेरिया की कमळ? खान्देशी अंगणातला पाण्याचा हिशेब

जळगावच्या रिंग रोडवरचा बंगला असो की धुळ्याच्या देवपुरातलं नवं घर, फाटकाशेजारी एक सरळसोट, मजल्यामजल्यांचं हिरवं झाड असावं अशी हौस आता सगळीकडे दिसते. रोपवाटिकेत ते ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं. बारीक, चिवट पानं बघून घेणाऱ्याची खात्री पटते, की याला फारसं पाणी लागणार नाही. तोच माणूस गच्चीत कमळाचा टब ठेवायचं म्हणाला, तर घरातून पहिला प्रश्न येतो: आधीच नळाला रोज पाणी नाही, त्यात हे कुठून काढलं?

खान्देशात हा समज बरोबर उलटा आहे. कमळाचा टब इथे काटकसरीत बसतो आणि अंगणातला ख्रिसमस ट्री उधळ्या निघतो.

आधी या झाडाचं मूळ गाव पाहू. आपल्याकडे या नावाने मिळणारं रोप असतं अरुकेरियाचं. त्याच्या दोन जाती बागांमधून जगभर पसरल्या. एक ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात असलेल्या नॉरफोक बेटावरची, दुसरी न्यू कॅलेडोनियातली. 1774 मध्ये कॅप्टन कुक या दोन्ही बेटांवर पोचला, तेव्हा युरोपला त्यांची ओळख झाली. भारतात नॉरफोकची म्हणून विकली जाणारी बरीच झाडं प्रत्यक्षात न्यू कॅलेडोनियाची असतात. दोन्हींना सवय खाऱ्या, दमट वाऱ्याची. नॉरफोक बेटावर उन्हाळ्यातही पारा 28 अंशांच्या आसपासच थांबतो. जळगाव-भुसावळात मे महिन्यात तो 45 च्या पुढे गेला तरी कुणी बातमी म्हणून सांगत नाही, आणि दुपारच्या झळांमध्ये हवेत ओलावा नावालाही नसतो.

सुईसारखं पान पाणी कमी गमावतं हे खरं. पण सूचिपर्णी झाडांचं खोड पाणी वर नेतं ते अतिशय अरुंद नळ्यांमधून, सावकाश. थंड हवेत तेवढा वेग पुरतो. कोरड्या उष्ण वाऱ्यात पान मागतं तितकं पाणी वेळेवर पोचत नाही. मग शेंडे तांबूस पडतात, खालच्या फांद्या वाळतात. कोरड्या उष्म्यात लाल कोळी पसरतो तो वेगळाच. आणि एकदा गेलेली खालची फांदी अरुकेरियाला पुन्हा पहिल्यासारखी फुटत नाही. कडुनिंब छाटला की पालवतो, तसं इथे होत नाही. शेंडा मोडला तर झाडाचा घाटच बिघडतो.

सातपुड्याच्या जंगलाने उन्हाळ्याशी वेगळा करार केला आहे. यावल-पालकडचा साग पानं टाकून मोकळा होतो. खान्देशातला अंजन मुळं खोल खडकात घालून बसतो. संपूर्ण दक्षिण भारतात नैसर्गिकरीत्या वाढणारा सूचिपर्णी वृक्ष एकच, तोही पार दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातल्या ओल्या जंगलात. (कोकणच्या किनाऱ्यावर दिसणारं सुरू सूचिपर्णी नव्हे; ते फुलझाडांच्या कुळातलं.)

नेहमी मात्र असं नव्हतं. नागपूरजवळ टाकळीला दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये अडकलेल्या गाळात सूचिपर्णी वृक्षांच्या शंकूंचे जीवाश्म सापडले आणि पुरावनस्पतीशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी त्यांचा अभ्यास केला. अशाच थरांमध्ये छिंदवाड्याकडे अझोला या पाणवनस्पतीचेही अवशेष मिळाले. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ही दोन्ही मंडळी याच प्रदेशात नांदत होती. त्यातली अझोला आज गोठ्याशेजारच्या खड्ड्यात जनावरांसाठी वाढवली जाते.

त्याच लाव्हाच्या खडकातून आपली काळी माती झाली, आणि खरा निकाल तीच लावते. पावसाळ्यात ती फुगून पाणी धरून ठेवते तेव्हा अरुकेरियाची मुळं कुजतात. उन्हाळ्यात ती तडकते तेव्हा भेगांबरोबर बारीक मुळंही तुटतात. चुनखडीमुळे लोह मिळत नाही आणि झाड पिवळं पडतं. म्हणून लावायचंच तर उंचवट्यावर, मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळून, पावसाच्या सुरुवातीला लावावं. भिंत आणि विजेच्या तारा यांच्यापासून चांगलं लांब, कारण ते वीस मीटरच्या वर जाऊ शकतं.

कमळाला हीच चिकण काळी माती हवी असते. हलकी, खतवाली कुंडीमिश्रणं पाण्यावर तरंगतात आणि पाणी नासवतात. काळी माती तळाशी बसते, कंदाला धरून ठेवते. दोन फूट व्यासाचा, बिनभोकाचा टब घ्यावा. तळाला थोडं जुनं शेणखत, वर वीतभर माती, मग कंद आडवा ठेवून त्याचा कोंब मोकळा सोडावा आणि वर वीतभर पाणी. खान्देशात होळी ते आखाजी हा लावणीचा काळ. बियांपासून करायचं तर बीचं टणक कवच एका टोकाला कानसेने घासून पाणी आत शिरेल एवढी वाट करावी लागते. हे कवच इतकं पक्कं असतं, की चीनमधल्या एका कोरड्या तळ्यात मिळालेली सुमारे 1300 वर्षांपूर्वीची कमळबीजं शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवली.

आता पाण्याचा हिशेब. मे महिन्यात उघड्या पाण्याचा रोज सेंटिमीटरभर थर सहज उडतो, वारा असला तर जास्त. दोन फुटी टबाला त्याचे होतात तीन लिटरच्या आतबाहेर. पानं भरात असली तर चार-पाच लिटर धरा. भर रोज घालावी लागते, एवढंच. जमिनीत लावून दोन-तीन वर्षं झालेल्या अरुकेरियाला त्याच दिवसांत दिवसाआड दोन बादल्या तरी लागतात, आणि त्यातलं बरंच पाणी भेगांमधून खाली जातं. टबातलं पाणी मात्र झाडापाशीच राहतं. बोअरच्या पाण्याने टबाच्या काठावर पांढरा थर चढतो. पावसाळ्यात निम्मं पाणी बदलून पन्हाळीचं भरावं.

कमळाला चिखलात राहणं जमतं याचं कारण त्याच्या रचनेत आहे. पानाची श्वसनछिद्रं वरच्या बाजूला असतात. तिथून हवा देठातल्या नळ्यांनी चिखलातल्या कंदापर्यंत जाते. कमळकाकडी कापल्यावर दिसणारी भोकं हीच ती वाट. फूल तर स्वतःचं तापमान सांभाळतं. 1996 मध्ये ॲडलेडच्या रॉजर सेमूर यांनी दाखवलं, की हवा दहा अंशांवर उतरली तरी उमलतं कमळ स्वतःला 30 ते 36 अंशांवर राखतं. जळगावच्या मे महिन्यात त्याला ही शेगडी पेटवायची गरज पडत नसावी! त्रास होतो तो लहान टबातलं पाणी तापण्याचा आणि पानं फाडणाऱ्या वाऱ्याचा. सकाळचं पाच-सहा तास ऊन आणि तिसऱ्या प्रहरी भिंतीची सावली, अशी जागा उत्तम.

डास होतील ही शंका रास्त आहे. चार-पाच गप्पी मासे सोडले की अळ्या उरत नाहीत. घरात रांगतं मूल असेल तर टबावर जाळी हवीच. पण टबाचं पाणी किंवा मासे नाल्यात ओतू नयेत, आणि निळ्या फुलांना भुलून जलपर्णी तर आणूच नये. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि तळं गिळते.

अरुकेरियाच्या बाजूने एक गोष्ट खरी: हिवाळ्यात कमळाचा टब उजाड असतो, आणि झाड मात्र त्या दिवसांतच सर्वांत देखणं दिसतं. ज्यांच्याकडे ते आधीच उभं आहे त्यांनी तोडू नये. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन करावं आणि जमल्यास ठिबकची नळी फिरवावी. एक गंमतही तपासून पाहावी. न्यू कॅलेडोनियाच्या जातीची झाडं विषुववृत्ताच्या दिशेने कलतात, असं पाच खंडांतली झाडं मोजून 2017 मध्ये संशोधकांनी दाखवलं; सरासरी कल साडेआठ अंशांचा. म्हणजे आपल्याकडे ते दक्षिणेला झुकायला हवं.

नवी लागवड करणाऱ्याला सूचिपर्णीच हवं असेल, तर मोरपंखी घ्यावी. लहानपणी पुस्तकात ‘विद्या’ म्हणून जपली तीच. चीनकडची असली, तरी कोरडी हवा आणि चुनखडीची माती अरुकेरियापेक्षा पुष्कळ सोसते. उंच झाडच हवं तर कडुनिंब किंवा अंजन. आणि कमळ लावणाऱ्याने डिसेंबरात पानं पिवळी पडली म्हणून टब रिकामा करू नये. कंद चिखलात जिवंत असतो. पाणी राखलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला नवे कोंब फुटतात, आणि कंदांची वाटणी करायची वेळही तीच.