तिसरं रूप आपल्या ओळखीचं आहे

तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या शाळेत मी नोकरी संपेपर्यंत इंग्रजी शिकवलं. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगते: इंग्रजी क्रियापदाचं तिसरं रूप चुकतं, ते मुलाच्या आळसामुळे नव्हे. ‘आय हॅव वेंट’ किंवा ‘शी हॅज ब्रोक द कप’ असं लिहिणारं मूल पुरेसा विचार करूनच लिहीत असतं.

आपली वाक्यं बघा. ‘तो गेला’, ‘तो गेला आहे’, ‘तो गेला होता’. तिन्ही ठिकाणी ‘गेला’च. त्यात इंग्रजीची नियमित क्रियापदंही हेच शिकवतात: वॉक, वॉक्ड, वॉक्ड. दुसरं आणि तिसरं रूप एकच. मग ‘ही वेंट’वरून ‘ही हॅज वेंट’ करणारं मूल सुसंगतच वागतं. तिथे ‘गॉन’ लागतं, हे त्याला नियमातून कळण्यासारखं नसतं.

अनियमितपणा आपल्यालाही नवा नाही. बस-बसला, उठ-उठला, पण कर-करला होत नाही; ‘केला’ होतं. लहान मुलं ‘मी करलं’ म्हणतात तेव्हा ती नियमच लावत असतात. ‘जा’चं ‘गेला’ कसं झालं? ‘जा’ आला संस्कृतच्या ‘या’ धातूपासून, ‘गेला’ आला ‘गत’पासून. दोन वेगळ्या धातूंचा संसार एकत्र झाला. इंग्रजीतही नेमकं तेच घडलं. ‘वेंट’ हे मुळात ‘गो’चं रूप नव्हेच, ते ‘वेंड’ या दुसऱ्या क्रियापदाचं आहे. हे फळ्यावर मांडलं की मुलांच्या चेहऱ्यावरची भीती उतरते.

इंग्रजीत अशी अनियमित क्रियापदं सुमारे दोनशे आहेत आणि रोजच्या बोलण्यात सर्वांत जास्त येणारी जवळजवळ सगळी त्यांतच आहेत: बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, टेक, सी, कम. यामागे कारण आहे. हार्वर्डमधल्या संशोधकांनी 2007 साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं त्यांनी निवडली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली 145 अनियमित उरली होती, आजच्या इंग्रजीत फक्त 98. क्रियापद जितकं कमी वापरातलं, तितकं ते लवकर नियमित झालं. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगाने बदललं. ‘हेल्प’चं तिसरं रूप एकेकाळी ‘होल्पन’ होतं. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये ते सापडतं. आज सगळे ‘हेल्प्ड’ म्हणतात. ‘गॉन’, ‘डन’, ‘सीन’ मात्र टिकले, कारण ते सतत लोकांच्या तोंडी राहिले. म्हणजे ही रूपं टिकवली ती वापराने, आणि शिकणाऱ्यालाही ती वापरानेच येतात.

आपल्याकडे मात्र बहुतेक पुस्तकांत तीन रूपांचा तक्ता अक्षरांच्या क्रमाने छापलेला असतो. मुलं तो एका सुरात म्हणतात, परीक्षेत लिहितात आणि बोलताना विसरतात. मी तो तक्ता मोडून चार गट करायचे.

पहिल्या गटात तिन्ही रूपं सारखी: कट, पुट, हिट, शट, कॉस्ट, हर्ट. दुसऱ्यात दुसरं आणि तिसरं सारखं: बाय-बॉट-बॉट, टीच-टॉट-टॉट, कीप-केप्ट-केप्ट, सेंड-सेंट-सेंट. या दोन्ही गटांत भूतकाळी रूप आलं की तिसरंही आलंच, त्यामुळे तिथे गोंधळाला जागा नाही. तिसरा गट छोटा, त्यात पहिलं आणि तिसरं सारखं: कम-केम-कम, रन-रॅन-रन. खरी मेहनत हवी ती चौथ्या गटाला, जिथे तिन्ही रूपं वेगळी असतात.

या चौथ्या गटातही घराणी आहेत. एक स्वर बदलणारं: सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, बिगिन-बिगॅन-बिगन, स्विम-स्वॅम-स्वम. दुसरं शेवटी ‘न’ येणारं: राइट-रोट-रिटन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन, टेक-टुक-टेकन. तिसरं नो-न्यू-नोन, ग्रो-ग्र्यू-ग्रोन, थ्रो-थ्र्यू-थ्रोन यांचं. एका घराण्यातली चार क्रियापदं पक्की झाली की पाचवं आपोआप ओठांवर येतं.

तरी रूप पाठ असणं वेगळं आणि योग्य जागी वापरणं वेगळं. इथे मराठी मदतीला येते, आणि माझं सगळं सांगणं याच एका मुद्द्यासाठी आहे. इंग्रजीचं तिसरं रूप म्हणजे आपलं ‘लेला-लेली-लेलं’. ‘कप फुटला’ म्हणजे ‘द कप ब्रोक’. ‘फुटलेला कप’ म्हणजे ‘अ ब्रोकन कप’. ‘कप फुटलेला आहे’ म्हणजे ‘द कप इज ब्रोकन’. ‘मी पत्र लिहिलं’ म्हणजे ‘आय रोट अ लेटर’. ‘मी पत्र लिहिलेलं आहे’ म्हणजे ‘आय हॅव रिटन अ लेटर’. ‘आहे’ किंवा ‘होता’च्या आधी ‘लेला’ बसत असेल, तर बहुतेक वेळा तिसरं रूपच हवं. ‘काल’, ‘परवा’, ‘2019 साली’ अशी नक्की झालेली वेळ वाक्यात आली, तर मात्र ‘हॅव’ काढून दुसरं रूप घ्यायचं: ‘आय सॉ हिम येस्टरडे’.

ही तिसरी रूपं आपल्या गावात शिरून कधीच स्थायिक झालेली आहेत. क्लासच्या पाटीवर ‘स्पोकन इंग्लिश’ असतं, ‘स्पीक इंग्लिश’ नव्हे. दुकानात ‘फ्रोझन’ मटार मिळतात. भरतीची ‘रिटन’ परीक्षा असते. फोनवर ‘अननोन’ नंबर येतो. मी मुलांना अशा शब्दांची यादी घरून आणायला सांगायची. शेतकऱ्याची, शिंप्याची, रिक्षावाल्याची मुलं भरलेली पानं घेऊन यायची. मग प्रत्येक शब्दाचं पहिलं रूप शोधायचं: स्पीक, फ्रीझ, राइट, नो.

‘आय बॉर्न इन सातारा’ हे वाक्य मुलाखतींमध्ये फार ऐकू येतं. ‘बॉर्न’ हे ‘बेअर’चं तिसरं रूप, त्याला आधाराला ‘वॉज’ लागतं. ‘आय वॉज बॉर्न’ म्हणजे ‘मी जन्मलेलो’. मोठ्या माणसांनाही एवढं सांगितलं की ती चूक सुटते.

काही ठिकाणी इंग्रजी बोलणाऱ्या देशांचंही एकमत नाही. अमेरिकेत वाढणारी मराठी नातवंडं ‘हॅव गॉटन’ म्हणतात तेव्हा इथले आजोबा त्यांना टोकतात. टोकू नये. ब्रिटनमध्ये ‘गॉट’ चालतं, अमेरिकेत ‘गॉटन’ प्रचलित आहे. ‘लर्न्ट’ आणि ‘लर्न्ड’ दोन्ही बरोबर. पण ‘लाय-ले-लेन’ म्हणजे आडवं होणं आणि ‘ले-लेड-लेड’ म्हणजे ठेवणं, हा भेद पाळावा. ‘फाउंड’ म्हणजे सापडलं, पण शाळा ‘फाउंडेड’ असते, म्हणजे स्थापन झालेली असते. निमंत्रणपत्रिका छापताना हे तपासावं.

2000 सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी इंग्रजीच्या तासाला मराठी बोलू नये, असा दंडक अनेक ठिकाणी दिसतो. मला तो मान्य नाही. ‘गेला’ आणि ‘गेलेला’ यांतला फरक मूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी, कोणी न शिकवता, घरात शिकतं. ते ज्ञान वर्गाबाहेर ठेवून आपण त्याला परक्या तक्त्यापुढे उभं करतो आणि मग नापास करतो. मराठी पक्की असलेल्या मुलाकडे इंग्रजी शिकण्याचं अर्धं सामान असतंच. शिक्षकाने ते वापरायला शिकवावं.